कुलाब्याची रोजकीर्द

बँकेच्या सेवेत माझी पस्तीस वर्षे गेली. या काळात माझ्या हातून जे लिहिले गेले, त्यात अक्षरांपेक्षा आकडेच अधिक होते. रोजकीर्द, खतावणी, शिलकेचा मेळ, सहामाही ताळेबंद. निवृत्तीनंतर एकदा जुन्या शाखेत सहज गेलो असता कळले की, जतनाची मुदत संपलेल्या त्या काळातील वह्या नियमानुसार केव्हाच रद्दीत गेल्या आहेत. यात कोणाचा दोष नव्हता. नियम मलाही ठाऊक होता. तरीही महालातील घरी परतताना मन खिन्न झाले. ज्या आकड्यांसाठी आपण डोळे शिणवले, त्यांचा कागदही उरला नसेल, तर त्या नोंदींना अर्थ तो काय? हा प्रश्न बरेच दिवस मनात घोळत राहिला. त्याचे उत्तर मला एका अगदी अनपेक्षित दिशेने, म्हणजे सूर्याच्या दिशेने मिळाले.

वाचकांना आठवत असेल, १० आणि ११ मे २०२४ च्या दरम्यानच्या रात्री लडाखमधील हानले येथील खगोलशास्त्रीय वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी आकाशातील लालसर प्रकाश टिपला. वर्तमानपत्रांत ती छायाचित्रे पाहून माझ्या नातीने विचारले, "आजोबा, मग आपल्या गच्चीवरून काहीच कसे दिसले नाही?" वाणिज्य शाखेचा पदवीधर असलेल्या माझ्यापाशी याचे उत्तर नव्हते. तिला काहीतरी समाधानकारक सांगावे, म्हणून मी वाचू लागलो आणि वाचता वाचता स्वतःच त्या विषयात गुंतलो.

सूर्यापासून विद्युतभारित कणांचा एक प्रवाह अखंड वाहत असतो. त्याला सौरवारा म्हणतात. त्याचा वेग सामान्यतः सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर असतो. हा वारा आपल्यासोबत सूर्याचे चुंबकीय क्षेत्रही घेऊन येतो. पृथ्वीच्या पोटातील वितळलेल्या लोहाच्या हालचालीतून निर्माण होणारे आपले चुंबकीय क्षेत्र त्याला अडवते. सूर्याच्या बाजूस साधारण ६० ते ६५ हजार किलोमीटर अंतरावर हा अडथळा उभा असतो, आणि विरुद्ध बाजूस त्याचे शेपूट लाखो किलोमीटर पसरलेले असते. या संपूर्ण प्रदेशाला चुंबकावरण असे नाव आहे.

मात्र हे आवरण दगडी तटासारखे अभेद्य नाही. सौरवाऱ्यासोबत आलेल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे वळली, की त्याच्या रेषा पृथ्वीच्या क्षेत्ररेषांशी जोडल्या जातात आणि सौरवाऱ्यातील ऊर्जा आत शिरू लागते. काही कण ध्रुवांच्या बाजूने खाली उतरून वरच्या वातावरणातील ऑक्सिजन व नायट्रोजनवर आदळतात आणि आकाश उजळते. ऑक्सिजनचा हिरवा प्रकाश साधारण १०० किलोमीटर उंचीच्या पुढे, तर लाल प्रकाश २०० किलोमीटरच्याही वर निर्माण होतो. वादळ फार मोठे असले, की उंचावरचा हा लाल प्रकाश दूरवरूनही क्षितिजालगत टिपता येतो. हानले साधारण ३३ अक्षांशावर, आपले नागपूर २१ अक्षांशावर. नातीच्या प्रश्नाचे उत्तर या बारा अंशांत होते.

पण जे डोळ्यांना दिसले नाही, ते उपकरणांना जाणवले होते. वादळाच्या वेळी पृथ्वीभोवती, विषुववृत्ताच्या वर हजारो किलोमीटर उंचीवर भारित कणांचा एक वलय-प्रवाह प्रबळ होतो. त्याचा चुंबकीय परिणाम पृथ्वीच्या क्षेत्राच्या विरुद्ध असल्यामुळे आपल्यासारख्या कमी अक्षांशांच्या प्रदेशात चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक घटतो. ही घट नॅनोटेस्ला या एककात मोजतात. मे २०२४ च्या वादळात तिची जागतिक सरासरी ४०० च्या पुढे गेली. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्युबेक प्रांताची वीजव्यवस्था अवघ्या दीड मिनिटात कोलमडून सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले, तेव्हा ती ५८९ होती. आणि आजवर मोजल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या घसरणींपैकी एकीचा आकडा आहे सुमारे १६००. तो आकडा लंडन वा पॅरिसचा नाही. तो मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत लिहिला गेला. दिनांक २ सप्टेंबर १८५९.

त्या काळाचा थोडा विचार करावा. नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा होऊन पाच वर्षे झाली होती. १८५७ च्या धामधुमीला दोन वर्षे उलटली होती. आमच्या महालात त्या दिवशी कोणाला काही वेगळे जाणवले असण्याचे कारण नाही. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे खगोलनिरीक्षक सूर्यावरील डागांचे चित्र काढत असता त्यांना तेथे अकस्मात लखलखाट दिसला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळले. अमेरिकेत तारायंत्रे बिघडली. बोस्टन व पोर्टलंड यांच्यामधील तार तर बॅटरी काढून टाकून, केवळ तारेत आलेल्या विद्युतप्रवाहावर काही काळ चालली. उत्तरेकडील अनेक वेधशाळांची उपकरणे मापनाच्या मर्यादेबाहेर गेली. कुलाब्याची नोंद मात्र टिकून राहिली.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली आणि तेथे चुंबकीय मापने १८४१ पासून सुरू झाली. मराठी वाचकाला या जागेविषयी आपुलकी वाटावी अशी दोन नावे तिच्याशी निगडित आहेत. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ तिची धुरा सांभाळली. आणि पुढे डेक्कन महाविद्यालयात लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू झालेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी तेथे सहायक म्हणून काम केले. काम तसे नीरस. ठरलेल्या वेळी उपकरणाजवळ जायचे, मापन वाचायचे, वहीत लिहायचे. रात्र असो, पाऊस असो, सण असो. या आकड्यांचा पुढे नेमका काय उपयोग होईल, हे तेव्हा कोणीही सांगू शकले नसते, कारण सौरवारा ही कल्पनाच अद्याप शंभर वर्षे दूर होती.

विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या मुंबईत येणार, असे ठरले तेव्हा या मापनांवर संकट आले. विद्युतप्रवाहामुळे सूक्ष्म चुंबकीय नोंदी दूषित झाल्या असत्या. वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांच्या काळात समुद्रापलीकडील अलिबाग येथे नवे केंद्र उभारण्यात आले. बांधकामात चुंबकीय पदार्थ येऊ नयेत, याची दक्षता घेतली गेली. १९०४ पासून अलिबागला मापने सुरू झाली. परंतु जुने केंद्र लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, जेणेकरून जुन्या आणि नव्या आकड्यांचा मेळ बसावा. हे वाचताना माझ्यातील जुना अधिकारी सुखावला. आमच्या शाखेत संगणक आला तेव्हा आम्हीही काही काळ हस्तलिखित वही आणि यंत्र दोन्ही समांतर चालवून रोज ताळा घेतला होता. खाते बदलताना आरंभीची शिल्लक चुकता कामा नये, हे तत्त्व बँकेला जसे लागू, तसेच पृथ्वीलाही.

या वह्यांचे चीज १४४ वर्षांनी झाले. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी व वॉल्टर गोन्झालेझ यांच्यासह भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना आणि शोभना अलेक्स यांनी कुलाब्याच्या नोंदींच्या आधारे १८५९ च्या वादळाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्या घसरणीत वलय-प्रवाहाचा वाटा किती आणि वरच्या वातावरणातील प्रवाहांचा किती, याविषयी शास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत. पण मतभेद व्हायलासुद्धा आकडा लागतो, आणि तो कुलाब्याने जपून ठेवला होता.

एवढा जुना आकडा आज कशासाठी, असे कोणी विचारील. वादळात वरचे वातावरण तापते आणि फुगते. तेथून फिरणाऱ्या उपग्रहांना त्याचे घर्षण वाढते. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका अमेरिकन कंपनीने सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी ३८ उपग्रह अशाच कारणाने नष्ट झाले, आणि ते वादळ तर सौम्य गणले गेले होते. आजची वीज, दळणवळण, विमानांचे मार्ग, बँकांचे व्यवहारसुद्धा उपग्रहांवर आणि तारांवर विसंबून आहेत. १८५९ सारखे वादळ पुन्हा आले तर किती हानी होईल, याचा अंदाज बांधायचा तर आधी ते वादळ केवढे होते, हे ठाऊक हवे. आपले आदित्य एल-१ यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर राहून सौरवाऱ्याची मापने घेत आहे. सामान्य वेगाच्या वाऱ्याची वर्दी तेथून तासभर आधी मिळू शकते. हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे कुलाब्याच्या त्या नोंदीच्याच तिथीस झेपावले. योगायोग खरा, पण मला तो सुखद वाटला.

शेजारच्या ग्रहांचा हिशेबही बोलका आहे. मंगळाचे व्यापक चुंबकीय क्षेत्र सुमारे चार अब्ज वर्षांपूर्वी लोपले. आज सौरवारा त्याच्या वातावरणातून सेकंदाला साधारण १०० ग्रॅम वायू हिरावून नेतो, असे मेव्हेन या यानाने मोजले. आपल्या मंगळयानाच्या पाच उपकरणांपैकी दोन त्या ग्रहाच्या वरच्या वातावरणाच्या अभ्यासासाठी होती. शंभर ग्रॅम ही किरकोळ रक्कम वाटते, पण मुदत अब्जावधी वर्षांची असेल तर किरकोळ रकमाही खाते रिते करतात. शुक्राला मात्र स्वतःचे चुंबकीय क्षेत्र नसूनही त्याचे वातावरण अतिशय दाट आहे. त्याचा वरचा भारित थरच सौरवाऱ्याला काही अंशी थोपवतो. तेव्हा केवळ चुंबकत्व आहे म्हणून सारे सुरक्षित, असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. प्रत्येक ग्रहाचे खाते स्वतंत्रपणे तपासावे लागते.

भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आज नवीन पनवेलला आहे. तिच्या देशभरातील निरीक्षण केंद्रांपैकी एक आपल्या नागपुरातही आहे, हे मला निवृत्तीनंतरच कळले. अलिबागची नोंद अजून अखंड चालू आहे.

माझ्या शाखेच्या वह्या गेल्या, त्या परत येणार नाहीत; त्यांतील बहुतेकांची कोणाला गरजही पडणार नाही. परंतु नोंद करणाऱ्याला आपली कोणती नोंद उद्या मोलाची ठरेल, हे कधीच ठाऊक नसते. म्हणून त्याने प्रत्येक नोंद खरी करावी, एवढेच त्याच्या हाती असते. कुलाब्याच्या सहायकांनी २ सप्टेंबरला काही निराळे केले नाही; १ तारखेला केले, तेच केले.

वाचकांना एकच विनंती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या दुकानाच्या चोपड्या माळ्यावर पडून असतील. इतवारीतील धान्याचे भाव, कापसाचा हंगाम, कोणत्या वर्षी पाऊस लांबला, कोणाला किती उधार दिले, हे सारे त्यांत असेल. दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहाव्यात, आणि घरातील एखाद्या मुलाला त्यांतील एक पान तरी वाचून दाखवावे.