आमच्या पेन्शनमधला नियमगिरी

पेन्शन फंडाच्या वार्षिक अहवालाच्या शेवटी बारीक टायपात एक यादी असते. सभासदांचे पैसे कुठकुठल्या कंपन्यांच्या शेअरमध्ये गुंतवलेत, त्याची. लंडनमध्ये असे हिशेब लावणं हेच माझं काम होतं, तरी स्वतःच्या फंडाची यादी मी कधी नीट पाहिली नव्हती. २००९ च्या हिवाळ्यात नियमगिरीवरचं एक भाषण ऐकून आले आणि त्याच रात्री ती काढून बसले. शेवटच्या पानावर वेदान्त रिसोर्सेसचं नाव होतं. म्हणजे त्या डोंगरावर येऊ घातलेल्या खाणीत माझ्या पगारातलेही चार पैसे होते.

नियमगिरी ओडिशात, कालाहांडी आणि रायगडा जिल्ह्यांत पसरलेला. तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींचा देव नियमराजा तिथला. माथ्यावर बॉक्साइट आहे, आणि कंपनीने खाणीची अंतिम परवानगी हातात पडण्याआधीच पायथ्याशी लांजीगडला वर्षाला १० लाख टन क्षमतेचा अ‍ॅल्युमिना कारखाना उभा केला होता. हिशेबाच्या माणसाला हा क्रम लगेच खटकतो. आधी एवढा पैसा ओतायचा, की पुढे 'आता थांबवून कसं चालेल?' हाच परवानगीचा मुख्य आधार व्हावा. म्हणून मला वाटतं, डोंगर वाचवायचा तर पोकलेन यायच्या कितीतरी आधी पैशाच्या वाटेवर उभं राहायला हवं.

माझं माहेर गोव्यातल्या डिचोलीचं. पावसात खाणीच्या डंपवरची तांबडी माती वाहून आमच्या वायंगणात बसायची. बाबा फावड्याने ती ओढून बांधावर टाकत. पुढच्या सरीला शेत पुन्हा लाल. भरपाईसाठी त्यांनी पंचायत आणि मामलेदार कचेरीचे उंबरे झिजवले. ती खाण कोणाच्या पैशावर चालते, हे विचारावं असं गावात कोणाच्या मनातही आलं नाही. कोणाला विचारणार होतो?

लंडनमध्ये विचारायला पत्ता होता. फंडाच्या विश्वस्तांना पत्र लिहिलं. उत्तर गुळगुळीत आलं: कंपनीशी आमचा संवाद चालू आहे. पुन्हा लिहिलं. मग फंडातल्या एका बाईंनी फोन करून थेट विचारलं, "हे शेअर आणखी कोणी विकलेत का?"

या व्यवसायातली खरी भीती या प्रश्नात आहे. चूक करण्याची भीती कमीच, एकटं पडण्याची फार. त्यामुळे पहिल्याला मोल असतं. नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने २००७ मध्येच नैतिक परिषदेच्या शिफारशीवरून वेदान्तला बाहेर काढलं होतं. पर्यावरण आणि मानवी हक्कांची हानी, अशी कारणं त्या अहवालात सविस्तर लिहिलेली. तो अहवाल मी पत्राला जोडला. फेब्रुवारी २०१० मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने सुमारे ३८ लाख पौंडांचे शेअर विकले, पाठोपाठ जोसेफ राउनट्री धर्मादाय न्यासाने विकले, आणि आमच्या विश्वस्तांचा सूर बदलला. काही महिन्यांनी आमच्या यादीतूनही ते नाव गेलं.

त्या जुलैत कंपनीच्या वार्षिक सभेलाही गेले. एक शेअर नावावर असला की प्रश्न विचारता येतो, म्हणून चळवळीतले लोक एकेक शेअर घेऊन ठेवतात. बाहेर 'अवतार' चित्रपटातल्यासारखी निळी अंगं रंगवून निदर्शक उभे होते. आत मी विचारलं, की पुढची कर्जं घेताना ग्रामसभांच्या विरोधाबद्दल बँकांना काय सांगितलं जातं? शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ एका विमा कंपनीकडून आले होते. त्यांनी माझा प्रश्न शब्दशः वहीत उतरवून घेतला आणि खाली रेघ मारली. त्या दिवसातलं मला सर्वांत मोलाचं वाटलं ते हेच.

नियमगिरी वाचवला तो मात्र डोंगरियांनी. अब्जावधींच्या कंपनीला ३८ लाख पौंडांनी काय होणार? ऑगस्ट २०१० मध्ये केंद्राने वनपरवानगी नाकारली, १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांकडे सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं. पण त्यांचं म्हणणं ज्या दालनांत कधी शिरलंच नसतं, तिथे ते टेबलावर ठेवण्याचं काम फंडाच्या बारीक टायपातल्या यादीने केलं. ते काम छोटं होतं असं मी मानत नाही.

२०१८ मध्ये कंपनी लंडनच्या शेअर बाजारातून बाहेर पडली. एका शेअरवर सभेत शिरायची वाट बंद झाली. २०२३ मध्ये त्याच दोन जिल्ह्यांतल्या सिजीमालीच्या बॉक्साइटसाठी तिचीच बोली वरचढ ठरली, आणि तिथली आदिवासी गावं विरोधात उभी आहेत. आता पैसा रोख्यांतून येतो, बँकांच्या कर्जांतून येतो. रोखे कोणाकडे आहेत याची यादी पूर्ण अशी कुठेच छापली जात नाही. एकेका फंडाचा अहवाल उघडून नाव शोधावं लागतं. मी आता निवृत्त आहे, वेळ आहे. संध्याकाळी अहवाल उघडते, नाव सापडलं की विश्वस्तांना पत्र जातं.