ऋणको

जुन्या दस्तऐवजांच्या भाषेत कर्ज देणाऱ्यास धनको आणि घेणाऱ्यास ऋणको म्हणत. हे दोन शब्द आम्ही लहानपणी प्रथम वाचले ते आजोबांच्या पेटीतील एका गहाणखतात, आणि तेव्हा आम्हांस त्यांचे मोठे हसू आले. ऋणको हा कोणी तरी गोष्टीतला, गुबगुबीत, कोल्ह्याकडून वारंवार फसविला जाणारा प्राणी असावा, असे आमच्या बालबुद्धीस वाटले. त्या प्राण्याची खरी ओळख पटावयास आम्हांस पन्नाशी ओलांडावी लागली, आणि ती पटली आरशासमोर.

कर्ज कसे झाले हे सांगताना मनुष्य बहुधा आजारापासून प्रारंभ करतो, कारण आजाराला कोणी बोल लावीत नाही. आम्हीही पुष्कळ दिवस तसेच सांगत होतो. 2020 च्या पावसाळ्यात आमच्या मातोश्रींना 23 दिवस रुग्णालयात राहावे लागले आणि घरातील गंगाजळी आटली, हे खरेच आहे. परंतु पुढे वहीत तारखा मांडून पाहिल्या तेव्हा निराळेच सत्य दिसून आले. त्याच्या आदल्या डिसेंबरात आम्ही कन्येचे लग्न केले होते. मुलगी म्हणत होती, "बाबा, नोंदणी करू आणि घरी चार माणसे जेवायला बोलावू." आम्हीच म्हणालो की प्राध्यापकाच्या एकुलत्या एका मुलीचे लग्न असे चोरासारखे व्हावयाचे नाही. सहाशे पाने उठली, कार्यालयाच्या रोषणाईची वाहवा झाली, आणि त्या वाहवेचे हप्ते आम्ही आजतागायत भरीत आहो. ऋण काढून सण करू नये, ही म्हण आम्हांस ठाऊक नव्हती असे नाही. ती दुसऱ्यांना लागू पडते, अशी आमची समजूत होती.

पुढचा उतार सोपा होता. 2020 साली मार्चपासून ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली. आम्ही ती वरदानासारखी घेतली. हप्ते थांबले, पण व्याज थांबले नाही, ही साधी गोष्ट दोन पदव्या मिरविणाऱ्या माणसाच्या ध्यानात आली नाही. मग क्रेडिट कार्डे आली. त्यांच्या मासिक पत्रकावर दोन आकडे असतात, एक एकूण देण्याचा आणि दुसरा किमान देण्याचा. दुसरा आकडा इतका सौम्य असतो की तो भरला म्हणजे आपण आपले कर्तव्य बजावले असे वाटू लागते. आम्ही तो नेमाने भरीत होतो आणि एका कार्डाचे भोक दुसऱ्या कार्डाने बुजवीत होतो. तिसरे कार्ड आले ते याच कामासाठी.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. निबंध लिहिणाराने स्वतःस 'आम्ही' म्हणवून घ्यावे, ही मासिकांची जुनी रीत आहे आणि आम्ही ती निःसंकोच पाळतो. परंतु त्या दोन वर्षांत आमच्या या 'आम्ही'त दुसरे कोणीही नव्हते. बँकेची पत्रे आम्ही महाविद्यालयाच्या पत्त्यावर मागविली होती. घरी फोन वाजला की तो घेऊन आम्ही गच्चीवर जात असू, आणि खाली आल्यावर "विद्यापीठाचे काम होते" असे सांगत असू. सौभाग्यवतींना पगाराचा आकडा ठाऊक होता, देण्याचा नव्हता. ज्या गृहस्थाने वर्गात वर्षानुवर्षे सत्य आणि सौंदर्य यांवर व्याख्याने दिली, तो आपल्याच स्वयंपाकघरात खोटे बोलत होता. कर्जाचा हा भाग कोणत्याही पत्रकात छापलेला नसतो.

2021 च्या जुलैत एका रात्री साडेआठ वाजता, आम्ही पानावर बसलो असताना, फोन वाजला आणि तो सौभाग्यवतींनी उचलला. पलीकडचा तरुण काय बोलला ते आम्हांस ऐकू आले नाही. त्यांनी फोन ठेवला, आमटी वाढली आणि विचारले, "अहो, किती आहे?" आम्ही एक आकडा सांगितला. त्या थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता उरलेलेही सांगा." त्या रात्री एक वाजेपर्यंत आम्ही दोघांनी मिळून यादी केली. तीन कार्डांचे मिळून 3,80,000 रुपये, बँकेच्या दोन कर्जांचे 11,00,000, नोकरदारांच्या पतसंस्थेचे 6,00,000, आणि मेहुण्याकडून हातउसने घेतलेले 2,20,000. एकूण 23,00,000. घराचे कर्ज त्याहून वेगळे. बेरीज पाहून त्या काही बोलल्या नाहीत. उठून त्यांनी दुधावर झाकण ठेवले आणि दिवा मालवला. आम्हांस मात्र बऱ्याच महिन्यांनी त्या रात्री झोप लागली, आणि त्यांना लागली नाही. आमचे ओझे हलके झाले ते त्यांच्या खांद्यावर गेल्यामुळे, हे समजावयास आम्हांस उशीर लागला.

आमच्या गल्लीत बँकेतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ राहतात. सारी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनी त्यांना बोलाविले. अण्णांनी चष्मा पुसून यादी वाचली आणि उपदेशाचा एक शब्दही न बोलता प्रत्येक रकमेपुढे व्याजाचा दर लिहावयास सांगितले. कार्डांचा दर महिना साडेतीन टक्के होता. म्हणजे 3,80,000 वर नुसते व्याजच महिन्याला 13,300 रुपये. अण्णा म्हणाले, "सर, एवढे भरून तुमचे मुद्दल जागचे हलणार नाही. हीच रक्कम बँकेकडून दीड टक्क्याने बांधून घेतली, तर महिना सुमारे 13,740 भरून छत्तीस महिन्यांत सगळे देणे संपेल." करांचा भाग दोन्हीकडे निराळा. आम्ही तो हिशेब तीनदा करून पाहिला. 440 रुपयांच्या फरकात अनंतकाळ आणि तीन वर्षे यांचे अंतर होते. बँकेने आढेवेढे घेऊन ते मान्य केले, कार्डे बंद झाली, आणि कात्री सौभाग्यवतींनी चालविली. बँकेच्या दोन कर्जांची मिळून एकच फेड साठ महिन्यांची ठरली, हप्ता 25,030. पतसंस्थेचीही साठ महिन्यांची, हप्ता 13,050. आणि मेहुण्यास दरमहा 5,000. अशी ऑगस्ट 2021 पासून 56,820 रुपयांची योजना सुरू झाली. मोटार विकली ती घराच्या कर्जाचे तुंबलेले हप्ते भरण्यात गेली.

आमच्या व्यवसायामुळे आम्हांस अशा वेळी पुस्तकांतील माणसे आठवतात. सर वॉल्टर स्कॉट याच्यावर 1826 साली छापखान्याच्या व प्रकाशकाच्या दिवाळ्यामुळे सव्वा लाख पौंडांच्या आसपास कर्ज येऊन पडले. त्याने दिवाळखोरी न पत्करता विश्वस्तांमार्फत लेखणीने ते फेडावयाचे ठरविले, आणि 1832 साली मरेपर्यंत तो लिहीत राहिला. ही हकीकत आम्ही वर्गात सद्गदित कंठाने सांगत असू. परंतु आता आम्हांस अधिक जवळचा वाटू लागला तो मार्क ट्वेन. त्याची प्रकाशनसंस्था 1894 साली बुडाली, आणि अक्षरे जुळविणाऱ्या एका यंत्राच्या नादाने त्याचा उरलासुरला पैसाही गेला. हेन्री रॉजर्स नावाच्या व्यवहारी मित्राने त्याचे सर्व व्यवहार आपल्या हाती घेतले व धनकोंशी बोलणी केली. कायद्याने थोडक्यात सुटका होण्यासारखी असतानाही प्रत्येकाचे देणे पुरते द्यावयाचे, असा आग्रह त्याच्या पत्नीने धरला. व्याख्याने देत तो जगभर फिरला. 1896 च्या जानेवारीत तो आमच्या मुंबईसही येऊन गेला तो या देण्यापायीच. आणि 1898 साली तो ऋणमुक्त झाला. एक व्यवहारी मित्र आणि एक निश्चयी पत्नी एवढ्या दोन गोष्टी त्याच्यात व आमच्यात समान होत्या. प्रतिभेची उणीव आम्ही उत्तरपत्रिका तपासून भरून काढली.

योजना कागदावर उतरल्यावर दुःख संपते, असा आमचा समज होता. वस्तुतः तेथून त्याचा दुसरा प्रकार सुरू होतो. पहिल्या तीन महिन्यांत एक प्रकारचा उत्साह असतो. आपण काही व्रत करीत आहो असे वाटते. मग लोक भेटू लागतात. बससाठी उभे असलेले पाहून सहकारी विचारतात, "सर, गाडी दुरुस्तीला का?" पहिले वर्षभर आम्ही "चालणे प्रकृतीस बरे" असे उत्तर दिले. पुढे एकदा "विकली, देणे होते" असे सांगून टाकले, तेव्हा विचारणारे गृहस्थ क्षणभर गप्प राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "अण्णांचा पत्ता मला द्याल का?" शिक्षकांच्या त्या खोलीत किती ऋणको बसलेले होते, हे आम्हांस त्यानंतर कळले.

आहेराचा प्रश्न सौभाग्यवतींनी सोडविला. कोणाचेही लग्न असो, एक चांगले पुस्तक आणि घरी केलेले लाडू. एका नातलगांनी त्यावरून टोमणा मारला, तो त्यांनी हसून घेतला. आम्हांस मात्र तो चार दिवस सलत राहिला, कारण टोमणा त्यांना बसला होता आणि लायक आम्ही होतो.

तगाद्याचे फोन योजनेनंतर थांबले. पुढे 12 ऑगस्ट 2022 रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट बजाविले की थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी व सायंकाळी 7 च्या नंतर ऋणकोस फोन करू नये, व त्याचा अपमान करू नये. हे वाचून आमच्या मनात विचित्र विचार आला. आमच्या वेळी हा नियम असता आणि पाळला गेला असता, तर साडेआठचा तो फोन वाजला नसता, आणि आमचे खोटे आणखी किती दिवस चालले असते कोण जाणे. नियम योग्यच आहे. आम्हीच त्याच्या लायकीचे नव्हतो.

मध्यंतरी मोहही आला. एका मध्यस्थाने निम्म्या रकमेत प्रकरण 'मिटवून' देण्याची तयारी दाखविली. हप्ते मुद्दाम थकवावयाचे, आणि बँक कंटाळली की तडजोड करावयाची, असा त्याचा मार्ग होता. अशी तडजोड पतनोंदीत पूर्ण फेड म्हणून नव्हे, तर तडजोड म्हणूनच लिहिली जाते, हे अण्णांनी सांगितले. परंतु आम्हांस थांबविले ते दुसऱ्याच विचाराने. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, ही कथा प्रत्येक ऋणकोस गोड वाटते. तिच्यात आपण कोठे उभे आहो हे मात्र आपण विसरतो. खते बुडविणारे तुकोबा धनको होते. सोडून देण्याचा अधिकार त्यांचा होता. 1875 च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, तेव्हा ते उपासमारीने व अन्यायाने गांजलेले होते, आणि 1879 साली सरकारला त्यांच्यासाठी कायदा करावा लागला. ज्यांच्या घरी खरोखरच चूल पेटत नाही त्यांना तडजोडीचा मार्ग मोकळा असलाच पाहिजे. सहाशे पाने उठविणाऱ्यास तो मार्ग घेताना नदीकडे किंवा सुप्याकडे बोट दाखविता येत नाही.

अण्णांचा एक नियम आम्हांस प्रथम विपरीत वाटला होता. कर्ज असतानाच दरमहा 3,000 रुपये निराळे ठेवावयाचे, आणि दोघांनी 500 रुपये असे घ्यावयाचे की ज्यांचा हिशेब कोणी कोणास विचारू नये. आम्ही म्हणालो, "अण्णा, हे पैसेही देण्यात घातले तर लवकर सुटू." ते म्हणाले, "ज्या योजनेत श्वास घ्यायला जागा नाही, ती सहाव्या महिन्याला मोडते." दुसऱ्या वर्षी सौभाग्यवतींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया निघाली, तेव्हा त्याच डब्यातून खर्च झाला आणि एकही हप्ता चुकला नाही. आपल्या 500 रुपयांचे त्या काय करतात हे आम्ही कधी विचारले नाही. आमचे जुन्या पुस्तकांच्या दुकानात जातात, हे त्यांना न विचारताच कळते.

मेहुण्याचे मन निराळे होते. दुसऱ्याच महिन्यात तो म्हणाला, "दाजी, माझे राहू द्या. आधी बँकेचे बघा." आमची मान होकारार्थी हलू लागली होती. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बँक व्याज घेऊन थांबते. तू व्याजाशिवाय थांबलास, म्हणून तुझे आधी." 44 महिने न चुकता त्याला पैसे गेले. शेवटच्या दिवशी तो आला, जेवला, आणि त्याने त्या विषयाचा उल्लेखही केला नाही. तीन वर्षे तो आमच्याकडे थोडे वाकून बोलत असे. त्या दिवशी तो पूर्वीसारखा मोठ्याने भांडला. आम्हांस फार बरे वाटले.

सर्वांत कठीण गेले ते मधले महिने. तेथे नाट्य काही नसते. संकट संपलेले असते आणि सुटका दृष्टीस पडत नाही. पाच तारीख येते, पैसे जातात, वहीत एक ओळ वाढते. आम्ही एकदा चिडून म्हणालो की हे आयुष्य म्हणजे नुसती बेरीज-वजाबाकी झाली. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, पण आता ती आपण दोघे करतो." छत्तिसावा हप्ता भरून कार्डांचे देणे संपले, तेव्हा मोकळ्या झालेल्या 13,740 रुपयांवर आमची नजर होती, एक जुनी मोटार आम्ही पाहूनही ठेवली होती. वही पुढे सरकविली गेली. ती रक्कम बँकेच्या हप्त्यात घातली तर उरलेले 24 महिने 15 वर येत होते. मोटार दुसऱ्या कोणी तरी घेतली.

आज 48 हप्ते झाले आहेत. बँकेचे 3 उरले, पतसंस्थेचे 12. परवा कन्या माहेरी आली होती. तिने वही चाळली, लग्नाच्या पानाशी थांबली आणि म्हणाली, "बाबा, मी सांगितले होते." आम्ही म्हणालो, "होय, सांगितले होतेस." पाच वर्षांपूर्वी हे चार शब्द आमच्या तोंडून निघाले नसते. तिने वही मिटली आणि आईस चहा टाकावयास सांगितले. उद्या पाच तारीख आहे.