पुरवण्या मोजणारा परीक्षक

मराठी विकिपीडियावर हिंगोली जिल्ह्यातल्या लहान गावांचे लेख लागोपाठ वाचत गेलं, की आपण पुढच्या गावात आलो की मागच्याच गावात आहोत, हे थोड्या वेळाने कळेनासं होतं. हवामान उष्ण आणि कोरडं, ऋतू तीन, पावसाचं वर्णन तेच. त्यानंतर लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे अशी शीर्षकं आणि त्यांच्याखाली मोकळी जागा. महाराष्ट्रातल्या हजारो गावांची पानं अशीच एका साच्यातून निघाली. ती काढणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पान असलं तर त्यात कुणीतरी भर घालतं. पानच नसलं तर सुरुवात कोण करणार?

मी याच जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो आणि उरलेल्या वेळात विकिपीडियावर लिहितो. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी आणि मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी, म्हणजे दोघांचा वाढदिवस महाराष्ट्र दिनीच. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांतल्या गावांचे लेख कुठल्या अवस्थेत आहेत, कुठे आधी हात घालावा, हे मला ठरवायचं होतं. गावं शेकड्यांनी आणि वाचणारा मी एकटा. म्हणून सांगकाम्या बसवायचं ठरवलं. मराठी विकिपीडियावर बॉटला सांगकाम्याच म्हणतात.

हे काम जगात नवं नाही. इंग्रजी विकिपीडियावर लेखाच्या चर्चापानावर त्याचा दर्जा नोंदवतात. स्टब, स्टार्ट, सी, बी अशा पायऱ्या चढत वर गुड आणि फीचर्डपर्यंत जातात. या नोंदी गोळा करून तक्ता लावायचं काम बॉट करतो. पण वरच्या दोन पायऱ्यांवर लेख माणसांनी वाचल्याशिवाय चढत नाही. विकिमीडियाने २०१५मध्ये ओआरइएस नावाची सेवा सुरू केली. लेखाची लांबी, संदर्भ, शीर्षकं, चित्रं, माहितीचौकट असल्या खुणा पाहून लेख कुठल्या पायरीवर बसेल, याचा अंदाज ती बांधत असे. हा अंदाज ती शिकली होती माणसांनी आधी दिलेल्या दर्जांवरून. मराठीत चर्चापानावर दर्जा नोंदवायची सवय फारशी रुजलेली नाही. मग यंत्राने शिकायचं कशावरून? म्हणून नियम मीच बसवले.

पायविकिबॉट ही त्यासाठीची तयार अवजारं आहेत आणि पॉज या विकिमीडियाच्या सेवेवर ती ब्राउझरमध्येच चालतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही भागतं. माझा सांगकाम्या फक्त वाचणारा होता, कुठल्याही लेखात बदल करणारा नव्हता. गावांच्या वर्गातली (म्हणजे कॅटेगरीतली) पानं एकेक उघडायची, लांबी, संदर्भ, शीर्षकं, चित्रं मोजायची, बेरीज करायची आणि यादी माझ्या धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या कामाच्या पानावर टाकायची, एवढंच त्याचं काम.

लांबीपाशीच पहिला अडसर आला. विकिपीडिया पानाचा आकार बाइटमध्ये दाखवतो. इंग्रजीचं साधं अक्षर एका बाइटमध्ये मावतं, तर देवनागरीतल्या प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात. काना आणि वेलांटीसुद्धा वेगळी मोजली जाते. इंग्रजीवरून उचललेली मर्यादा इथे लावली, तर मराठीतला तुटपुंजा मजकूरही भरदार ठरतो. म्हणून मी बाइट सोडले आणि शब्द मोजायला घेतले.

यादी तयार झाली तेव्हा वरच्या टोकाला साच्यातली पानं होती. सात शीर्षकं, माहितीचौकट, नकाशा, जनगणनेचा संदर्भ असं सगळं जागच्या जागी. तळाशी होती कुणीतरी हाताने लिहिलेली चार-पाच ओळींची पानं. त्यांना शीर्षक नाही, चौकट नाही, पण गावचा बाजार कुठल्या वारी भरतो आणि यात्रा कधी असते, ते लिहिलेलं. उत्तरपत्रिका न वाचता पुरवण्या मोजून गुण देणारा परीक्षक असावा, तसं हे झालं होतं. असं होणार याची मला कल्पना होती. ते किती प्रमाणात होतं, एवढंच पाहायचं होतं.

याहून अवघड बाब खऱ्या-खोट्याची. कळमनुरी तालुक्यातल्या एखाद्या गावाच्या पानावर ‘परभणी जिल्ह्यातील’ असं लिहिलंय आणि त्याला जुन्या पुस्तकाचा संदर्भ दिलाय, असं समजा. १९९८मध्ये ते वाक्य खरं होतं, आज नाही. सांगकाम्याला त्यात फक्त एक संदर्भ दिसतो आणि तो त्याचे गुण देतो. लायगो-इंडियाचंही तसंच. औंढ्याजवळच्या या गुरुत्वीय लहरींच्या प्रयोगशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. पान पहिल्या मान्यतेपाशीच थांबलं असेल, तरी यंत्राच्या हिशेबात ते जितकं चांगलं काल होतं, तितकंच आजही असतं. संत नामदेवांच्या नर्सीच्या लेखात त्यांचाच उल्लेख नसला, तरी शीर्षकं पुरेशी असल्यावर हा परीक्षक खूश.

ही यादी मी वर्गात दाखवली. सेनगावकडून येणाऱ्या एका मुलीने आपल्या गावाचं पान उघडलं, मग शेजारच्या गावाचं. म्हणाली, “सर, हे आमचं गाव न्हाई. शेजारच्या गावाचं बी हेच लिवलंय. मधलं नाव तेवढं बदललंय.”

त्यातूनच मला पुढची वाट दिसली. मी सांगकाम्याला दर्जा ठरवायला लावत होतो, आणि ते त्याला जमण्यातलं नव्हतं. पण एक गोष्ट त्याला माणसापेक्षा शंभर पटींनी चांगली जमते : सारखं काय आहे, ते ओळखणं. मी नियम उलटे फिरवले. प्रत्येक पानाची वाक्यं सुटी करायची, त्यांतली गावांची आणि तालुक्यांची नावं आणि आकडे काढून टाकायचे, आणि उरलेलं वाक्य आणखी किती पानांवर आहे ते पाहायचं. पाच-सहा पानांवर तेच वाक्य सापडलं, की ते सगळीकडून वजा. शेवटी पानावर जे उरेल, ते त्या गावाचं स्वतःचं.

कित्येक पानं अक्षरशः कोरी झाली. आधीच्या यादीत वर असलेली घसरून तळाला गेली आणि तळाची वर आली. जे उरलं, ते मात्र सगळंच सोनं नव्हतं. कुठे ओढ्याचं नाव, कुठे डोंगरावरच्या देवीची यात्रा, कुठे हळदीच्या पिकाबद्दल दोन ओळी. वसमतच्या हळदीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे हा विषय इथे घरोघरी आहे. आणि त्याच रांगेत कुणा पुढाऱ्याची आरती, कुणाचा मोबाइल नंबर, ‘आमचा गाव एक नंबर’ अशी घोषणा. दुसऱ्या कुठल्याही पानावर नसलेलं वाक्य अस्सल माहितीचं असू शकतं, तसंच उत्पाताचंही. दोन्ही वाक्यं यंत्राला सारखीच एकमेव वाटतात. पण आता वाचायचं होतं ते शेकडो पानं नव्हे, उरलेल्या ओळी. ते दोन-चार जणांना झेपण्यासारखं काम होतं.

मुलांना मी ओळी वाटून दिल्या. मोबाइल नंबर आणि आरत्या तर लगेच निघाल्या. खरी अडचण चांगल्या ओळींची होती. बाजार बुधवारी भरतो हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं, पण विकिपीडियाला छापील आधार लागतो; ‘सर, मी तिथलाच हाय’ हा संदर्भ चालत नाही. मग आम्ही २०११च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका उघडली. तिच्यात गावागावातली शाळा, पाणी, रस्ते, दवाखाने यांची नोंद असते. साच्यातल्या पानांवर लोकसंख्या पोचली होती, हे बाकीचं पोचलं नव्हतं. जुन्या काळासाठी परभणी जिल्ह्याचं गॅझेटिअर आणि यात्रा-बाजारांसाठी वर्तमानपत्रांची कात्रणं. काही ओळींना आधार मिळाला, काही ‘संदर्भ हवा’ या साच्याखाली थांबून आहेत.

इंग्रजी याद्यांवरून गावांची नावं देवनागरीत आणताना काय होतं, तेही मुलांनीच दाखवलं. रोमन लिपीत ळ नाही, म्हणून यंत्राला आखाडा बाळापूर आणि बालापूर यांत फरक दिसत नाही. बाळापूरच्या बाजाराला एकदा गेलेल्या माणसाला तो सांगावा लागत नाही.

लेखांचा दर्जा बॉटने ठरवावा का, असं आता कुणी विचारलं, तर मी त्या प्रश्नाचे दोन भाग करतो. कुठली पानं आधी वाचायची, ते त्याने खुशाल ठरवावं. त्याच्याइतका न कंटाळता वाक्यं ताडून पाहणारा दुसरा कुणी नाही. पान चांगलं की वाईट, ते मात्र चर्चापानावर माणसाने लिहावं आणि खाली सही करावी. विकिपीडियावर चार नागमोडी चिन्हं टाकली की नाव आणि वेळ आपोआप उमटते. माझ्या वर्गातल्या मुलांनी आता काही पानांवर तशी शेरेवजा नोंद केली आहे : हवामान साच्यातलं, शाळेची माहिती तपासली, यात्रेला संदर्भ नाही. यंत्राच्या आकड्याशी वाद घालता येत नाही. या नोंदीशी घालता येतो, कारण ‘हे असं का लिहिलं?’ असं विचारलं, की उत्तर द्यायला त्या सहीमागे कुणीतरी असतं.