गोठ्यालगतचे पितळ

यवतमाळ, वैशाख वद्य ५

चि. भाच्यास,

तुझ्या वडिलांच्या पश्चात रीतसर परवान्यावर आलेल्या .३१५ रायफलीसोबत जो उडवलेल्या पुंगळ्यांचा डबा मिळाला, त्यातील पुंगळ्या पुन्हा भरण्याजोग्या आहेत काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या चकाकीपेक्षा त्यांनी ज्या जागी पावसाळे काढले त्या जागेत अधिक सापडते.

पुंगळी, म्हणजे गोळी, दारू आणि प्रायमर (आघाताने पेटून दारूला ठिणगी देणारी बुडाची टोपी) यांना एकत्र धरणारे कवच, सुमारे ७० भाग तांबे व ३० भाग जस्त असलेल्या पितळेचे असते. बार होताच ते फुगून बंदुकीच्या कोठीच्या भिंतीला घट्ट बसते, तप्त वायूला नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ देत नाही आणि दाब उतरल्यावर किंचित आकसून सुटते. या फुगण्यामुळे, तसेच नंतर साच्यात दाबून मूळ आकार दिल्यामुळे, पितळ दर खेपेस कडक होते आणि त्याच्या अंगात ताण साठतो.

या ताणाचा धडा हिंदुस्थानातच मिळाला. ब्रिटिश काळात पागांमध्ये साठवलेली काडतुसे पावसाळ्यात, एकही बार न होता, आपोआप तडकत, आणि ऋतूशी जोडलेल्या या दोषाला ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव पडले. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी दाखवून दिले की घोड्यांच्या मुतापासून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळेतील ताण एकत्र आले की चीर पडते. उपाय म्हणून कारखान्यात पितळ मंद आचेवर तापवून ताण काढला जाऊ लागला. पागा गेल्या, पण यवतमाळच्या शेतकऱ्याचा गोठा आहे, आणि शेणामुताच्या संपर्कात ओलावलेल्या युरियाचाही अमोनियाच होतो. म्हणून गोठ्यालगतच्या खोलीत खताच्या पोत्यांशेजारी वर्षानुवर्षे राहिलेला हा डबा वरून कितीही निर्दोष दिसला तरी संशयितच मानावा. अमोनियायुक्त पॉलिशने पितळ घासणेही त्याच कारणाने वर्ज्य आहे.

दिसणारे दोष मोजके आहेत: तिरप्या उन्हात मानेवर उमटणारी केसासारखी चीर, जस्त निघून गेल्याने पडलेला गुलाबी डाग, प्रायमर सैल बसण्याइतके मोठे झालेले बुडाचे छिद्र. बुडाच्या थोडे वर दिसणारे चकचकीत कडे मात्र सर्वांत घातक होय, कारण तेथे पितळ ताणून आतून पातळ झालेले असते, टोक वाकवलेल्या तारेला आतल्या बाजूस खाच लागते, आणि पुढच्या बारास पुंगळी तेथूनच दुभंगू शकते. जुन्या प्रायमरमधील पाऱ्याने ठिसूळ केलेले पितळ मात्र डोळ्यांना कळतच नाही. त्यामुळे पूर्वेतिहास अज्ञात असलेली पुंगळी बाद करणे हीच खरी तपासणी.

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळा तयार करण्यास स्वतंत्र परवाना लागतो आणि दारूगोळ्याचे भागही त्या व्याख्येत येतात, म्हणून रायफलीच्या परवान्यावर हे काम घरी होऊ नये, तसेच या पुंगळ्या भंगारवाल्याकडेही जाऊ नयेत. मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी तो डबा गोठ्यालगतच्या खोलीतून काढून पोलीस ठाण्याच्या सल्ल्याने जमा करावा.

मामाचे आशीर्वाद.