वैमानिकावरचे झाकण

शेलारला आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ राहतात. त्यांचे सारे आयुष्य यंत्रमागावर गेले. घराला लागूनच मागाची शेड. माग सुरू झाले की फळीवरची भांडी थरथरू लागतात. त्याच फळीवर मिग-२१ विमानाची वीतभर लांबीची प्लास्टिकची प्रतिकृती असे. मुलाने शाळेत असताना ती जोडली होती. तो मुलगा आज हयात नाही.

१९६३ साली आलेली ही विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलातून निवृत्त झाली. ती बातमी ऐकून त्या गृहस्थांनी प्रतिकृती आमच्या हाती दिली. सेमिनरीत असताना आम्हांला हा छंद होता, हे त्यांना ठाऊक होते.

वैमानिकावरचे पारदर्शक झाकण पार अंधुक झाले होते. एकदा हादऱ्याने पडून त्याला चीर गेली होती. ओरखडे मात्र असंख्य होते. “फादर, रोज पुसत होतो हो मी,” ते म्हणाले. सुताच्या धुळीत बारीक कच असते. कोरड्या फडक्याखाली तीच प्लास्टिकवर घासली गेली होती. ते ओरखडे हयगयीचे नव्हते, मायेचे होते.

आरंभी चूक आमच्याच हातून घडली. झाकण सोडवून चीर सांधताना आम्ही झटपट चिकटणारा गोंद लावला. त्याची वाफ हवेतील ओलाव्याने घट्ट होऊन आसपास बसते. सकाळी पाहतो तो झाकण दुधाळ! रात्री झोप आली नव्हती, ती आता कायमची जाते की काय असे वाटले.

मग मात्र आम्ही घाई सोडली. ओरखडा बुजवता येत नाही. भोवतालचा भाग त्याच्या खोलीपर्यंत उतरवावा लागतो. म्हणून १००० नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवला. मग १५००, मग २०००. प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा बारीक ओरखडे. शेवटी दंतमंजनाची पांढरी पेस्ट कापसाच्या बोळ्याने आतून-बाहेरून चोळली, झाकण धुतले आणि पारदर्शक अॅक्रिलिक वार्निशमध्ये बुडवून धूळ बसू नये म्हणून भांड्याखाली वाळत ठेवले. उरलेले सूक्ष्म ओरखडे त्या थराने भरून निघाले. विमानावर ते बसवताना वाळल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद वापरला. चीर तेवढी राहिली. आरपार गेलेली चीर घासून जात नाही.

प्रतिकृती परत करताना, यापुढे फडके नको, मऊ कुंचला वापरा, असे आम्ही सांगितले. त्यांचे लक्ष नव्हते. ते खिडकीपाशी जाऊन झाकणातून आत पाहत होते. आत बोटाच्या पेराएवढा वैमानिक बसला होता. त्याच्या शिरस्त्राणाचा पांढरा रंग ओघळून गालावर आला होता.

“हे त्यानेच सांडलेले,” ते म्हणाले. “तेव्हा मी रागावलो होतो.”