इच्छापोरहून दादांना

इच्छापोर, रविवार रात्र

ती. दादांस,

पोहोचल्याचा फोन झालाच आहे. थंडी नावालाच, स्वेटर पिशवीतच पडून आहे. झोप मात्र नाही. हजिऱ्याकडे जाणारे ट्रक रात्रभर खिडकीशी धडधडतात. जावई म्हणतात, सवय होईल. त्यांची रात्रपाळी, त्यांना काय!

आज पोंक खाल्ला. आपला ज्वारीचा हुरडाच, पण केवढं कौतुक! वर लिंबू-मिऱ्याची शेव. पाव किलोचे दीडशे मोजताना मळ्यातली आगटी आठवली आणि जीव कळवळला. पोंकवडे निराळेच. किती खाल्ले ते वहिनींना सांगू नका.

सुरतेचा किल्ला पाहिला. खुदावंदखानाने 16व्या शतकात बांधलेला, आता पालिकेने दुरुस्त करून संग्रहालय केलंय. छान आहे. पाय दुखले.

मी मराठी आहे हे कळल्यावर शेजारचे काका हसून म्हणाले, "आ वखते शुं लई जशो?" मी म्हटलं, नानखटाई. मग तासभर वीरजी व्होरावर गप्पा. इंग्रजांची कंपनी ज्याच्याकडून कर्ज काढायची तोच. 1664 च्या लुटीत त्याच्या वाड्याची धूळधाण झाली, तरी इथे त्याचं नाव अजून निघतं. त्याच्या कर्जदारांतलं मात्र एका कंपनीखेरीज काकांना कोणी सांगता येईना. अंथरुणावर पडल्यावर तेच डोक्यात घोळत राहिलं.

बुधवार, दुपार

आपल्या बँकेच्या संग्रहालयात काय मांडायचं याची तुमची यादी नातीच्या मोबाइलवर मिळाली. संस्थापकांचं तैलचित्र, पितळी टोकन, तिजोरी, आणि काचेत जुन्या कर्जखात्याच्या वह्या. दादा, रागावू नका, पण वह्यांचं पटलं नाही.

त्यात अंगठे कुणाचे आहेत? खालच्या आळीतल्यांच्या आजोबांचे. कुणाची बैलजोडी जप्त झाली तेही त्यातच. सहलीला आलेल्या पोरांनी ते मोठ्याने वाचायचं? 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांचे कागद हिसकावून जाळले, ते हौसेने नाही. त्याच पाशातून सुटावं म्हणून पुढे 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, आणि आपल्यासारख्या बँका उभ्या राहिल्या. आणि आता त्यांचेच कागद आपण दिवे लावून दाखवणार!

नावं झाका आणि 'कर्जाचं कारण' हा रकाना तेवढा मोठ्या अक्षरांत भिंतीवर घ्या. विहीर, बैल, लग्न, बी-बियाणं. गावाचा इतिहास तिथेच आहे. तैलचित्र जिन्यात लावलं तरी चालेल. (हे समितीत माझ्या नावावर सांगू नका.)

आणि काउंटर हलवू नका. पॉलिश करून मधोमध मांडायचं कोणाच्या तरी मनात आहे, असं वहिनी म्हणाल्या. ज्या उंचीवर माणसं टाचा उंचावून उभी राहायची तिथेच ते राहू दे. उडुपीला कॉर्पोरेशन बँकेच्या संस्थापकांच्या, हाजी अब्दुल्लांच्या जुन्या घरातच संग्रहालय केलंय. 1906 ची ती बँक 2020 मध्ये युनियन बँकेत विलीन झाली, पण तिची आठवण त्या घरात राहिली. विरोध करणाऱ्यांना हे उदाहरण द्या.

इथल्या एका बँकेत चौकशीला गेले होते, जुन्या वह्या कशा जपतात म्हणून. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "खातं आहे?" नाही म्हटलं. "मग?" या 'मग'नंतर पाऊण तास बाकावर. शेवटी शिपायाने चहा दिला आणि सांगितलं, वह्या केव्हाच रद्दीत गेल्या. चहात आलं होतं, एवढंच बरं.

आता हिऱ्यांचं पार्क दाखवायला नेणार आहेत. न गेले तर लेक रुसेल, गेले तर ट्रकांचा धूर. घरची भाकरी आठवते हो.

तिजोरीच्या खोलीला वाळवी लागलीय, औषधवाल्याला आधी बोलवा. समितीची बैठक त्यानंतर घ्या. शनिवारी निघते, स्टेशनवर कुणी आलं नाही तरी रिक्षाने येईन.

आपली,
शकू