डावे आटे

सायकलीच्या सांगाड्यात दोन्ही पायंडलांच्या मधोमध जी आखूड आडवी नळी असते आणि जिच्यातून पायंडलांचा आस आरपार जातो, तिला दुरुस्तीच्या व्यवहारात ‘बीबी’ म्हणतात. जुन्या पोलादी माउंटन बाइकवर, म्हणजे खडकाळ वाटांसाठी रुंद टायर घालून घडवलेल्या सायकलीवर, आजचे सुटे भाग बसवायचे ठरले की होकार-नकाराचा पहिला निकाल बहुधा याच नळीत लागतो. लक्ष अडकून राहते ते तिच्या आतल्या आट्यांपाशी, कारण डाव्या बाजूचे आटे नेहमीसारखे असले तरी चेनच्या, म्हणजे उजव्या बाजूचे आटे उलटे कापलेले असतात, आणि सवयीने पाना फिरवणारा माणूस तिथली छर्रे धरणारी वाटी सोडवण्याऐवजी अधिकच आवळत बसतो.

या उलटेपणाला कारण आहे. मोठ्या बांगडीच्या आत किंचित लहान बांगडी दाबून धरून तो दाब गोल फिरवत नेला, तर आतली बांगडी दाबाच्या उलट दिशेने हळूहळू सरकते. पायंडल मारताना आसाचा भार छर्ऱ्यांवरून असाच गोल फिरतो आणि वाटीला उलट दिशेने रेटतो. उजव्या वाटीचे आटे साधे ठेवले असते तर स्वाराने स्वतःच्याच पायांनी ती सैल केली असती. प्रत्येक पायंडलाच्या स्वतःच्या आसालाही हाच नियम लागू होतो, पण तिथे फिरणारा आणि स्थिर राहणारा भाग यांची अदलाबदल होत असल्याने उलटे आटे डाव्या पायंडलाला असतात.

आट्यांच्या या घडणीला जगभर ‘बीएसए’ म्हणतात: व्यास 1.37 इंच, आणि इंचाला 24 आटे. ही अक्षरे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स या कंपनीची असून ती 1861 साली बंदुका बनवणाऱ्या कारागिरांनी एकत्र येऊन स्थापन केली. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका हेच तिचे बोधचिन्ह होते. बंदुकीच्या भागांना लागणारी अचूकता सायकलीच्या भागांनाही लागते, हे त्या कारखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच ओळखले होते. पुढे हेच नाव मद्रासला 1949 साली सुरू झालेल्या टीआय सायकल्सकडे आले, तिथून ‘बीएसए लेडीबर्ड’ या मुलींच्या सायकलीवर उमटले, आणि बंदुकांच्या कारखान्याची आद्याक्षरे दप्तर लटकवलेल्या हँडलामागून, दोन वेण्यांच्या सोबतीने, गावोगावच्या शाळांपर्यंत गेली. नावांच्या प्रवासात इतका निरागस शेवट क्वचितच कुणाच्या वाट्याला येतो.

माउंटन बाइकचे मूळ कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात आहे. तिथे 21 ऑक्टोबर 1976 रोजी ‘रिपॅक’ ही उताराची पहिली शर्यत झाली, तीही बहुतांशी 1930-40च्या दशकांतील जड सायकलींवर. म्हणजे जुन्याला नवे जोडण्याची खोड या सायकलीच्या जन्मापासूनचीच. आपल्याकडे ‘हर्क्युलस एमटीबी’ आणि ‘हिरो रेंजर’ यांनी हा घाट खेडोपाडी पोचवला, मात्र त्यांचे पोलाद साधे होते. क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेले जे ‘क्रोमोली’ पोलाद परदेशी जुन्या सांगाड्यांत आढळते, त्याच्या नळीची भिंत अनेकदा एक मिलिमीटरहूनही पातळ असते. मागच्या चाकाचा आस जिथे बसतो, तिथले दोन फाट्यांमधले अंतर जुन्या सांगाड्यांत बहुधा 126 ते 135 मिलिमीटर असते, तर आजच्या ‘बूस्ट’ प्रकारात ते 148 असते. पोलादी फाटे जपून थोडे फाकवता येतात, ॲल्युमिनियमचे फाकवू नयेत. तरीही 148पर्यंतचा हट्ट पोलादाच्या बाबतीतही न धरलेला बरा. आकड्यांचा मोह आवरला तर जुन्या बीएसए नळीत आजचा क्रँक, म्हणजे पायंडलाच्या दांड्यांचा जोड, सुखाने बसतो, आणि खाचा नसलेला, केवळ घर्षणावर थांबणारा जुना गिअरदांडा नव्या टकटकणाऱ्या दांड्यापेक्षा अधिक समजूतदार ठरतो, कारण तार थोडी सैल झाली तरी तो बोटाच्या अंदाजाने काम भागवतो.

ब्रेकचा प्रश्न मात्र असा सहज सुटत नाही. उदाहरणार्थ, वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवडचा परिसर सोयाबीन-तुरीचा आहे, आणि या भागातील काळ्या मातीत पाणी शोषून फुगणारे चिकणमातीचे कण भरपूर असतात. पावसाळ्यात पाणंदीत चाक घातले की माती टायरला, टायरवरून चाक धरणाऱ्या चिमट्याला आणि रिमवर दाबणाऱ्या ब्रेकच्या गुटक्यांना धरते, आणि काही अंतरावर चाक फिरेनासे होते. चाकाच्या मध्यावरच्या चकतीला पकडणारा डिस्क ब्रेक तिथे उजवा ठरतो, पण त्याची ओढ चिमट्याच्या एकाच पायावर, टोकाशी येते आणि जुना चिमटा त्यासाठी घडवलेला नसतो. डिस्कसाठी त्यावर आधार जोडायचा झाला, तर ट्रॉली सांधणाऱ्या वेल्डिंगच्या ठिणगीने इतकी पातळ नळी भोसकली जाऊ शकते, म्हणून तिथे पितळ वितळवून केलेला सांधा बरा. शिवाय चिमटा आणि टायर यांच्यातली फट डिस्कने तसूभरही वाढत नाही. तिथला मातीचा गोळा बांधावरची तुराटी मोडूनच काढावा लागतो, आणि ओली तुराटी त्या कामी येत नाही.